एरिक सातीच्या कमी ऐकल्या जाणाऱ्या रचनांचं कोल्हापुरात रेकॉर्डिंग: हॉल, पियानो, उच्चार, हक्क

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. एरिक साती (१८६६–१९२५) या फ्रेंच संगीतकाराच्या गाण्याच्या आणि दोन-तीन वाद्यांच्या रचना कोल्हापुरातच ध्वनिमुद्रित करायचं ठरतंय. त्याची 'जिम्नोपेदी' योगासनांच्या व्हिडिओंमागे वाजून वाजून गुळगुळीत झाली आहे, ती नकोय. यादी अशी:

सॉक्रेटिसवरची 'सोक्रात' (१९१८), पियानो आणि एकच गायिका, साधारण ३० मिनिटं. १९१६ ची तीन गीतं. 'ल्युदियों' (१९२३), पाच चिमुकली गाणी. व्हायोलिन-पियानोसाठीची १९१४ ची 'उजवीकडे-डावीकडे दिसलेल्या गोष्टी (चष्म्याशिवाय)'. शेवटी दोन ट्रम्पेटची एक मिनिटाची 'माकडांच्या राजाला जागं करण्याची तुतारी' (१९२१). सगळं मिळून पाऊण तास.

गायिका ख्याल आणि नाट्यसंगीत शिकलेली, सा काळी पाच. फ्रेंच दोन वर्षं शिकली आहे. व्हायोलिनवाला दोन्ही पद्धती वाजवतो. ट्रम्पेटला बँडमधली दोन मुलं तयार आहेत. पियानोचं मात्र ठरलेलं नाही: पुण्याहून भाड्यानं अपराइट (उभा पियानो) आणायचा, की डिजिटलवर भागवायचं, की हार्मोनियमवर काही जमेल?

प्रश्न:
१) हॉल कसा निवडायचा? एक रिकामं मंगल कार्यालय रात्री मिळू शकतं. आत १२ × ८ मीटर, उंची ५ मीटर, खाली फरशी.
२) माईक किती, कुठे?
३) साती विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध. स्वरलिपीत 'दात दुखणाऱ्या बुलबुलासारखं' अशा सूचना लिहायचा. मग गाताना थोडा नाटकीपणा आणायचा का? मधेमधे त्या सूचना निवेदकानं वाचून दाखवल्या तर?
४) परवानगी कुणाची लागते?

आगाऊ धन्यवाद.

---

खासबाग

आधी तिसऱ्या प्रश्नाचं, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. नाटकीपणा अजिबात नको. सातीचा विक्षिप्तपणा कागदावर आहे, सुरांत नाही. सूर अगदी कोरडे, सरळ, थोडे. विनोद सांगणारा स्वतः हसला की विनोद मेला, तसंच हे. आणि निवेदक तर नकोच: 'अर सेक्युलेर ए आंस्तांताने' या १९१४ च्या पियानो-रचनांच्या सुरुवातीला त्यानं स्वतःच बजावून ठेवलंय की वादन चालू असताना मजकूर मोठ्यानं वाचायला मनाई आहे, वाचाल तर माझा रोष ओढवून घ्याल. सूचनांचा मराठी अनुवाद पुस्तिकेत द्या. ऐकणारा वाचेल आणि गालातल्या गालात हसेल, तेवढं पुरे.

याचा रेकॉर्डिंगशी संबंध असा, की संगीत इतकं विरळ असलं की उरलेलं सगळं ऐकू येतं. पंखा, ट्यूबलाइटची चोक, खुर्चीची कुरकुर, कागद उलटणं, गायिकेचा श्वास. भरगच्च वाद्यमेळात हे झाकलं जातं, 'सोक्रात'मध्ये झाकायला काहीच नाही. म्हणून तुमचं निम्मं काम शांतता मिळवण्याचं आहे.

हॉलचं गणित करून टाका. घनफळ १२ × ८ × ५ = ४८० घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून ३९२ चौरस मीटर. प्लास्टर आणि फरशी जेमतेम ४ टक्के आवाज शोषतात असं धरलं तर शोषण साधारण १६. घुमण्याचा काळ = ०.१६१ × ४८० ÷ १६, म्हणजे ४.८ सेकंद. दारं-खिडक्यांमुळे थोडा कमी भरेल, पण गाण्याचा शब्दन् शब्द लगदा होईल हे नक्की. तुम्हाला हवेत १.३ ते १.५ सेकंद. त्यासाठी शोषण ५५ च्या आसपास लागतं, म्हणजे आणखी ४०.

मंगल कार्यालय असल्याचा फायदा इथे. वऱ्हाडासाठीच्या कापसाच्या गाद्या तिथेच असतात, नाहीतर मंडपवाल्याकडे भाड्यानं मिळतात. ६ × ३ फुटांची एक गादी साधारण १.३ शोषण देते, म्हणजे ३० गाद्या. त्या जमिनीवर अंथरू नका. भिंतीपासून वीतभर पुढे उभ्या करा, सगळ्या एकाच भिंतीला न लावता समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीवर दाट आणि दुसरीवर विरळ. कोपऱ्यांत दोन-दोन एकावर एक. नुसती सतरंजी-जाजमं टाकली तर वरचे सूर मरतात आणि खालचे तसेच घुमत राहतात, मग पियानो पिंपात वाजवल्यासारखा येतो. ही चूक सगळे करतात. सगळ्या गाद्या एकदम लावू नका. दहा लावून टाळी वाजवा, ऐका, मग पुढच्या दहा. जास्त झाल्या तर आवाज कपाटात कोंबल्यासारखा होतो, आणि नंतर यंत्रातून घातलेला घुमारा या संगीतात लगेच उघडा पडतो.

वेळ: जून ते सप्टेंबर विसरा. पत्र्यावरचा पाऊस तर आहेच, पाऊस थांबला की रातकिडे. नोव्हेंबर ते मार्च हवा चांगली, पण उसाच्या ट्रॉल्या रात्रभर गाणी लावून जातात, तेव्हा कार्यालय कारखान्याच्या वाटेवर असेल तर नाद सोडा. एप्रिल-मे मध्ये लग्नसराई, हॉलच मिळणार नाही. हिशेब घातला तर फेब्रुवारीतल्या मुहूर्त नसलेल्या रात्री उरतात, त्यातही शिवजयंतीच्या आसपासचा आठवडा वगळून. रात्री ११ ते पहाटे ४. साडेचारला काकडआरती, भोंगे, दुधाच्या किटल्या.

शांतता मोबाईलच्या ॲपनं मोजू नका, ३० डेसिबलच्या खाली ती ॲपं काहीही सांगतात. प्रत्यक्ष माईक लावून, गाण्याला ठेवणार तेवढाच गेन (आवाज घेण्याची पातळी) ठेवून दोन मिनिटं रिकामा हॉल रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर २० डेसिबल वाढवून ऐका. फ्रिज, शेजारचा बोअर, पाल, सगळं कळेल.

आणि हो, कोल्हापुरी पायताणं दाराबाहेर. कर्रकर्र वाजणारी जोडी कौतुकाची असते, पण हॉलबाहेर. बांगड्या, पैंजण, रेशमी साडी, स्टार्च केलेला शर्ट हेही नको. धुवून मऊ झालेलं सुती घाला.

---

पायपेटी

हार्मोनियमचं उत्तर: नाही. एक हात भात्यावर गेला की उरला एक हात, आणि सातीच्या पियानोत दोन्ही हातांना सतत काम आहे. दुसरं आणि मोठं कारण असं, की पियानोचा सूर वाजला की विरत जातो. 'सोक्रात'ची साथ तेच तेच छोटे आकृतिबंध पुन्हा पुन्हा वाजवत पुढे सरकते, ती विरण्यावर उभी आहे. पेटीचा सूर दाबून ठेवला की तसाच राहतो, मग तीच पुनरावृत्ती भजनाच्या साथीसारखी चिकट होते.

संगीत नाटकांच्या काळातला पायानं भाता मारायचा ऑर्गन कुठे धड अवस्थेत मिळाला तर मात्र सातीचीच दुसरी रचना हाती घ्या: 'मेस दे पोव्र', म्हणजे गरिबांची प्रार्थना, १८९० च्या दशकातली, ऑर्गन आणि समूहगायन. तिथे तो शोभेल. फक्त त्याची पट्टी ४४० हर्ट्झच्या आजच्या प्रमाण सुराला क्वचितच असते आणि पत्त्या घासून सगळा ऑर्गन आणणं महिन्याचं काम, म्हणून गायकांनी ऑर्गनला मिळवून घ्यायचं. पायपट्टीच्या बिजागरीला तेल घालू नका, धूळ धरून दोन दिवसांत पुन्हा कुरकुरते. मेणबत्तीचं मेण घासा आणि पट्टी खाली टेकते तिथे नमद्याचा तुकडा चिकटवा.

आता पियानो. डिजिटल आणि खरा यांत निवडायचं तर खरा अपराइट घ्या, पण या अटींवर:

– पुण्याहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर येतो. आल्या आल्या एक कच्चं ट्यूनिंग, मग किमान दोन दिवस त्याच हॉलमध्ये बसू द्यायचा, मग रेकॉर्डिंगच्या दुपारी पक्कं ट्यूनिंग, आणि रोज सत्र सुरू व्हायच्या आधी एकसुरी तारांची तपासणी. एका सुराला वरच्या भागात तीन-तीन तारा असतात, त्यातली एक जरी केसभर सरकली तरी सूर 'वांव वांव' करतो. सातीच्या लांब, एकट्या सुरांत ते लपत नाही. ट्यूनरला एकदाच बोलावून पैसे वाचवायचा मोह होतो. तीन रात्री असतील तर तिन्ही दिवस बोलवा, नाहीतर करू नका.

– हॉलमधली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत स्थिर हवी. आकड्यापेक्षा 'स्थिर' महत्त्वाचं. एसी लावून हॉल गार केला आणि रेकॉर्डिंगला बंद केला की तासाभरात सूर चढ-उतार करतात. एसी लावूच नका.

– पेडल दाबताना 'ढप्' वाजतं का ते आणायच्या आधी, गोदामात, शांतपणे ऐका. दट्ट्यांचा नमदा कडक झालेला असतो. ते रेकॉर्डिंगच्या दिवशी दुरुस्त होत नाही. स्टूलचे नटबोल्ट आवळा. चाकांखाली रबराच्या वाट्या.

– अपराइट भिंतीला चिकटवू नका. पाठीमागे आवाजफळी असते, ती माईकच्या दिशेला तिरकी करून ठेवा आणि वरचं झाकण उघडं ठेवा. असं केलं की वादकाचा चेहरा गायिकेला दिसतो, हा फायदा वेगळाच.

डिजिटल वापरायचाच झाला तर आवाज स्पीकरमधून हॉलमध्ये सोडा आणि माईकनं घ्या. थेट तार जोडून घेतला तर पियानो एका खोलीत, बाई दुसऱ्या खोलीत असं ऐकू येतं.

---

आडवाटेचा_सूर

खासबाग यांच्याशी सहमत, फक्त गाद्यांचं गणित थोडं जास्तच झालं. पाच माणसं, पियानो, खुर्च्या, पडदे यांचं शोषण धरलं तर २० गाद्यांत भागेल. टाळीनं ठरवायचंच आहे म्हणा.

मी गाण्यावर लिहितो. ख्यालाच्या गळ्याला इथे कुठे अडेल ते सांगतो.

पट्टी. सा काळी पाच म्हणजे तार पंचम पाश्चात्त्य हिशेबानं एफ. त्यावरचा भाग ख्याल गाणाऱ्या बायका सहसा वापरत नाहीत, आणि वापरला तर जोर लावून. प्रत्येक गाण्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सूर काढून आधी तक्ता करा. गरज वाटली तर अर्धा किंवा एक सूर खाली उतरवा. मात्र 'सोक्रात'चे तिन्ही भाग सारखेच उतरवायचे. एक भाग मूळ पट्टीत आणि दुसरा खाली, असं केलं तर सांधा कळतो. 'सोक्रात'मध्ये सगळी पात्रं पुरुष आहेत आणि सातीनं ती बायकांच्या आवाजांना दिली आहेत. एकच गायिका सगळी गाते हेही रूढ आहे, तेव्हा पात्रागणिक आवाज बदलू नका.

गंधार. हे सगळ्यात फसवं. तानपुऱ्यावर तयार झालेला शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. गायिका आपल्या कानाशी प्रामाणिक राहून गाईल आणि रेकॉर्डिंगमध्ये पियानोपुढे कमसूर वाटेल. चूक तिची नाही, दोन पद्धतींची आहे. रेकॉर्डिंगआधी दोन महिने या गाण्यांचा रियाज तानपुऱ्यावर करायचा नाही, पियानोच्या स्वरसंगतींवरच करायचा.

मींड आणि कण. वरच्या सुराला खालून कण लावून जायची सवय इतकी मुरलेली असते की गाणाऱ्याला कळतही नाही. सातीत सूर जिथे लिहिला तिथेच सुरू होतो. उपाय: गाण्याचे शब्द काढून फक्त 'त, त, त' वर म्हणायचं, मग स्वरांवर, मग शब्द. कंप कमी. 'सोक्रात' प्राचीन काळासारखं शुभ्र आणि निर्मळ व्हावं असं साती पत्रात म्हणाला होता. गायिकेनं पोथी वाचल्यासारखं गावं, कीर्तनकारासारखं नाही. फरक मराठी माणसाला लगेच कळेल.

उच्चार. काही गोष्टी आपल्याला सोप्या, काही अवघड.

'र' ची काळजी नको. फ्रेंच माणूस बोलताना घशातून काढतो, पण गाण्याच्या जुन्या परंपरेत जिभेच्या टोकाचा 'र' चालतो. आपला आहे तोच ठेवा.

अनुनासिक स्वर अवघड. आपण अनुस्वार पुढच्या व्यंजनानुसार बंद करतो: आंबा म्हणताना 'म्', आनंद म्हणताना 'न्'. फ्रेंचमध्ये नाकातून स्वर जातो पण जीभ किंवा ओठ कुठेही टेकत नाहीत. जीभ टेकली की वाक्य मराठी झालं. लांब सुरावर शेवटच्या क्षणी जीभ टेकवून सूर मिटायची खोड असते, ती माईक पकडतो.

'उ' आणि 'ई' च्या मधला स्वर: ओठ 'ऊ' म्हणायला गोल करा, आतून 'ई' म्हणा. 'ल्युदियों' या नावातच तो आहे.

शब्दसंधी. १९१६ च्या तीन गीतांतलं 'दाफेनेओ' घ्या. त्यात रडणारे पक्षी फळांसारखे लागणाऱ्या झाडाचं नाव 'वाझतिए', आणि हेझलनटच्या झाडाचं नाव 'न्वाझतिए'. आधीच्या 'अं' या उपपदाचा 'न' पुढच्या शब्दाला जोडला की दोन्ही हुबेहूब सारखे ऐकू येतात. सगळा विनोद त्या जोडणीत आहे. गायिकेनं समजावून सांगायच्या नादात शब्द तोडून म्हटला की गाण्यात काही उरत नाही.

'ल्युदियों'मध्ये लेओं-पोल फार्ग या कवीनं मुद्दाम लहान मुलांच्या बोबड्या, अर्थहीन शब्दांत लिहिलंय. शब्दकोशात शब्द सापडला नाही म्हणून छपाईची चूक समजून दुरुस्त करू नका. जुन्या छापील प्रतीत जसं आहे तसं.

स्वरलिपीखाली देवनागरीत उच्चार लिहून घेताना अनुनासिकाला फक्त चंद्रबिंदू वापरा, टिंब नको. टिंब दिसलं की जीभ आपोआप टेकते.

---

पंचगंगाकाठ

मंडळी, उपकार झाले. निवेदक रद्द. अपराइट ठरला. 'वाझतिए'चं वाचून गायिकाबाईंनी 'हे कुणी आधी सांगितलं नाही' म्हणून कपाळाला हात लावला!

माईकचं कुणी सांगेल का? हाताशी चार वाहिन्यांचा ऑडिओ इंटरफेस आहे आणि लहान पडद्याच्या कंडेन्सर माईकची जोडी, स्वतःचा खरखराट १६ डेसिबल असं तिच्या माहितीपत्रकात लिहिलंय.

---

चार_वाहिन्या

ती जोडी तबला-सतारीला उत्तम, या कामाला कमी पडेल. पियानोचे अगदी हळू सूर अडीच-तीन मीटरवर ४० डेसिबलच्या आसपास येतात. १६ डेसिबलचा खरखराट तिथून फार दूर नाही, आणि ऐकणारा आवाज वाढवूनच ऐकणार. मोठ्या पडद्याचे माईक इथे स्वस्तात शांत मिळतात. रोडे एनटी१ चा स्वतःचा आवाज ४.५ डेसिबल. असे दोन भाड्यानं घ्या, मुख्य जोडी तीच. तुमची लहान जोडी आधाराला ठेवा.

मुख्य जोडी: दोन माईकच्या तोंडांमध्ये १७ सेंटिमीटर, एकमेकांपासून ११० अंश उघडे. उंची २.४ मीटर, गायिकेपासून सव्वादोन ते अडीच मीटर. गायिका पियानोच्या पुढे दीड मीटर, किंचित एका बाजूला, म्हणजे तिचा आवाज मध्यावर आणि पियानो तिच्या मागे थोडा पसरलेला येतो. नव्वद टक्के आवाज या दोन माईकमधून यायला हवा. जोडी लावून तोल जमत नसेल तर फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) हलवू नका, माणसं हलवा. गायिका दबली तर तिला २० सेंटिमीटर पुढे घ्या. पियानो फार झाला तर झाकण अर्धं मिटा.

तिसरा माईक गायिकेपासून ७०–८० सेंटिमीटरवर, तोंडाच्या रेषेपेक्षा थोडा वर. हा फक्त व्यंजनं स्पष्ट करायला. मिश्रणात मुख्य जोडीपेक्षा १० डेसिबल खाली ठेवा आणि उशीर द्या. आवाज एका मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो. हा माईक मुख्य जोडीपेक्षा १.७ मीटर जवळ असेल तर ५ मिलिसेकंद. हे न केल्यास आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो आणि कारण सापडत नाही. चौथा माईक पियानोच्या पाठीशी, तसाच अगदी कमी.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ पुरे. सगळ्यात मोठा आवाज –१२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारं यंत्र) कुठेच नाही, रेकॉर्ड करतानाही नाही आणि नंतरही नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरचा वीजप्रवाह खडबडीत असतो, त्याची गुणगुण इंटरफेसमध्ये शिरते. लॅपटॉपचा पंखा असतो हे विसरू नका, तो आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत, मधे लांब केबल.

रात्रीची मांडणी अशी करा. पहिल्या रात्री 'सोक्रात'चे पहिले दोन भाग, साधारण ६ आणि ७ मिनिटांचे. दुसऱ्या रात्री फक्त तिसरा, 'सॉक्रेटिसचा मृत्यू', १६ मिनिटांच्या आसपास. तिसऱ्या रात्री गाणी, व्हायोलिन, सगळ्यात शेवटी ट्रम्पेट. प्रत्येक भाग आधी दोनदा सलग, न थांबता. मग जिथे बिघडलं तिथल्या तेवढ्या ओळी, पण जोड जिथे हवा त्याच्या चार मापं (बार) आधीपासून सुरुवात करून आणि दोन मापं पुढे जाऊन. ही लय एकसारखी चालते म्हणून वाटतं की कुठूनही जोडता येईल. प्रत्यक्षात रात्री दोनला माणूस रात्री अकराच्या मानानं हळू वाजवतो आणि जोडावर गाडी खड्ड्यात गेल्यासारखं होतं. म्हणून प्रत्येक तुकड्याआधी पहिल्या सलग प्रतीतले दहा सेकंद दोघांना हेडफोनवर ऐकवा. गायिकेचं प्रत्यक्ष गाणं तीन तासांपुढे नेऊ नका.

दर रात्री माणसं जागेवर असताना, कुणी न हलता, दोन मिनिटं हॉलची शांतता रेकॉर्ड करा. संपादनात दोन तुकड्यांमधली फट त्याच रात्रीच्या शांततेनं भरायची. निखळ शून्य टाकलं तर हॉलच नाहीसा झाल्यासारखा कान दचकतो.

पानं: छापील पानांच्या प्रती जाड कागदावर काढून तीन-चार शेजारी शेजारी मांडा. प्लास्टिकची पाकिटं नकोत, सळसळतात. टॅबलेटच्या पायपेडलची टिकटिकही येते.

व्हायोलिन: मांडी घालून, सा-पा मिळवून वाजवायची सवय असेल तर या तुकड्यांपुरतं उभं राहून, जी-डी-ए-ई मिळवून महिनाभर वाजवून घ्या. पहिला तुकडा 'ढोंगी कोराल' (कोराल म्हणजे चर्चमधलं समूहगीत). माझे कोराल बाख या जर्मन संगीतकाराच्या तोडीचे, फक्त संख्येनं कमी आणि मिजास कमी, असं सातीनं वर लिहून ठेवलंय. वाजवताना मात्र बाखइतकंच गंभीर. दुसरा 'चाचपडत फ्यूग' (फ्यूगमध्ये एकच धून एकामागून एक स्वतःचा पाठलाग करते) आहे म्हणून खरंच चाचपडत वाजवू नका. तिसऱ्यात, म्हणजे 'स्नायूदार फँटसी'त, गज तारेवर आपटायचा मोह होईल, तो माईकपासून तीन मीटरवर उभं राहून आवरा.

---

खासबाग

ट्रम्पेटसाठी भर: पोरं बँडमधली आहेत म्हणजे वाद्यं बहुधा बी फ्लॅट. स्वरलिपी सी मध्ये असेल तर त्यांचे भाग एक पूर्ण सूर वर लिहून द्या, ऐनवेळी डोक्यात बदलायला लावू नका. दोघं मुख्य जोडीपासून साडेचार-पाच मीटरवर, डावी-उजवीकडे, भोंगे माईकवर रोखलेले नकोत. गेन १५ डेसिबल खाली. मिरवणुकीत फुंकायची सवय असते, इथे निम्म्या दमात वाजवायचं आहे, आणि हळू वाजवताना ओठ लवकर थकतात. पाच-सहा वेळा वाजवून घेतलं की पोरांना चहा द्या. आणि आधी दोघांना एकमेकांशी मिळवा, पियानोशी नाही. पियानो त्या तुकड्यात नाहीच. भावा, एक मिनिटाचा तुकडा आहे पण जगात भारी.

---

काळी_पाच

हक्कांबद्दल थोडक्यात.

भारतात कलाकृतीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजून. साती १९२५ ला गेला, म्हणजे त्याचं संगीत केव्हाच मुक्त झालंय. पण गाण्यात कवीही असतो, त्याचं वेगळं मोजायचं. 'सोक्रात'चे शब्द प्लेटोच्या संवादांच्या व्हिक्तर कूझँनं केलेल्या फ्रेंच अनुवादाचे. तो १८६७ ला गेला, प्रश्न नाही. 'ल्युदियों'चा फार्ग १९४७, भारतात आणि फ्रान्समध्ये आता दोन्हीकडे मुक्त. १९१६ च्या गीतांतल्या 'टोपीवाल्या'चा कवी रने शालुप १९५७: भारतात मुक्त, फ्रान्समध्ये ७० वर्षांचा नियम, म्हणजे २०२७ अखेरपर्यंत तरी नाही. यादीत पुढे १९२० ची 'चार छोटी गीतं' घालणार असाल तर त्यातलं एक कॉक्तो या फ्रेंच कवीचं आहे. तो १९६३ ला गेला, भारतात १ जानेवारी २०२४ पासून मोकळा, फ्रान्समध्ये अजून बरीच वर्षं बाकी. वितरण करताना ती दोन गाणी त्या देशांपुरती बंद ठेवता येतात, वितरकाच्या अर्जात देशांची यादी असते.

जुन्या छापील आवृत्तीवरून वाजवा. अलीकडे अभ्यासकांनी सातीच्या वह्यांतल्या अर्धवट खर्ड्यांवरून काही रचना पूर्ण केल्या आहेत. त्यांत भर घालणाऱ्याचा हक्क जिवंत असतो, त्या विचारल्याशिवाय घेऊ नका. पुस्तिकेसाठी मराठी अनुवाद थेट फ्रेंचवरून करा. बाजारातल्या इंग्रजी अनुवादावरून केलात तर त्या अनुवादकाचा हक्क आड येऊ शकतो.

तुमच्या रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं निर्मात्याचा, कलाकारांचा सादरीकरणाचा हक्क ५० वर्षं. मित्रमित्र असलात तरी एका कागदावर लिहून घ्या: कोण निर्माता, पैसे आले तर वाटणी कशी, नंतर कुणी आपला तुकडा वेगळा वापरू शकतो का. ट्रम्पेटच्या पोरांचीही सही घ्या, लोक नेमकं त्यांनाच विसरतात.

प्रत्येक तुकड्याला आयएसआरसी क्रमांक, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळखक्रमांक, लागेल. भारतात तो इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था देते, किंवा वितरकच देतो. यूट्यूबवर टाकल्यावर दुसऱ्याच कुणाचं सातीचं रेकॉर्डिंग समजून यंत्र आपोआप हक्काचा दावा लावतं, हे अभिजात संगीतात नेहमीचं आहे. घाबरू नका, हरकत नोंदवा. रचनाकाराचं मृत्युवर्ष, आपलं स्वतःचं रेकॉर्डिंग असल्याचं वाक्य आणि सत्राची तारीख लिहा.

---

चार_वाहिन्या

एक राहिलं. 'सॉक्रेटिसचा मृत्यू' शेवटाला पोचतो आणि संपल्यासारखा न वाटता थांबतो. सवयीनं हात फेडरकडे जातो. आवाज हळूहळू मिटवू नका. पियानोवाल्याला आधीच सांगा की शेवटच्या सुरानंतर पेडल स्वतःहून सोडायचं नाही, खूण होईपर्यंत कुणी श्वासही मोठ्यानं घ्यायचा नाही. दहा सेकंद मोजा, मग थांबवा. अंतिम प्रतीत त्यातले सात-आठ ठेवा. एकूण पातळी –२० लफ्सच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आसपास राहील. 'दुसऱ्यांपेक्षा आवाज कमी येतोय' असं कुणीतरी म्हणेल, तरी वाढवू नका. वाढवायला गेलात तर त्या सात-आठ सेकंदांत आधी उसाची ट्रॉली ऐकू येईल.

---

पंचगंगाकाठ

नोंद केली. गाद्यांचं मंडपवाल्याशी बोलणं झालं. कशाला हव्यात ते त्याला दोनदा सांगूनही पटलेलं नाही, पण २५ गाद्या देतोय.